कडबा, वाढे आणि गाईच्या पोटाचा हिशेब

सोलापूर, मंगळवेढा, बार्शीपासून बीड आणि अहिल्यानगरपर्यंतच्या काळ्या जमिनींत रब्बी ज्वारी हे कधीच केवळ धान्याचे पीक नव्हते. कणसे खुडून घेतल्यावर उरणारी ताटे, म्हणजेच कडबा, हे त्या पिकाचे दुसरे उत्पन्न होते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत बैल, गाय व म्हैस जगवण्याची सारी भिस्त कडब्याच्या गंजीवर असे. मोहोळ येथे 1930 च्या दशकात निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी 35-1 ही जात आजही या पट्ट्यात टिकून आहे, याचे कारण तिच्या भाकरीच्या चवीइतकेच तिच्या उंच, गोडसर आणि जनावरांना आवडणाऱ्या ताटातही आहे. भारतातील पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-1, 1964 मध्ये प्रसारित झाला. त्याने खरिपात धान्याचे उत्पादन वाढवले, परंतु तो बुटका असल्यामुळे कडबा कमी मिळू लागला, आणि ज्या शेतकऱ्याच्या हिशेबात शेकड्याने विकल्या जाणाऱ्या पेंढ्यांना धान्याइतकेच मोल होते, त्याला हा व्यवहार अपुरा वाटला तर त्यात नवल नव्हते. पिकाचे मूल्यमापन केवळ दाण्याच्या वजनावर करण्याची ही दृष्टी एकांगी होती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

पुढे सिंचन वाढले तसा ऊस पसरला, ज्वारीच्या काढणीला मजूर मिळेनासे झाले, आणि कडब्याची जागा वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांनी, घेतली. गळीत हंगामात ऊसतोड कामगार वाढ्यांच्या मोळ्या बांधून विकतात, त्यातून त्यांना चार पैसे मिळतात आणि दूध उत्पादकाला दारात हिरवी वैरण मिळते. दुष्काळातील चारा छावण्यांतही ऊस आणि वाढे हाच मोठा आधार ठरला. वैरण हिरवी दिसते आणि गोठ्यातली गाय ती आवडीने खाते, त्यामुळे ती सकसही असणार, असा समज सहज होतो. हा समज चुकीचा का आहे, हे कळण्यासाठी गाईचे पोट कसे चालते ते पाहावे लागते.

गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या जठराचे चार कप्पे असतात. त्यांपैकी सर्वांत मोठ्या कप्प्याला पशुपालक कोटीपोट म्हणतात, शास्त्रीय भाषेत त्याला रुमेन असे नाव आहे, आणि मोठ्या गाईत त्याची क्षमता शंभर लिटरहून अधिक असते. गाईच्या स्वतःच्या पाचकरसांत गवतातील सेल्युलोज, म्हणजे वनस्पतीच्या भिंतीचा तंतुमय भाग, फोडण्याची शक्ती नाही. ते काम कोटीपोटातील जिवाणू, आदिजीव आणि बुरशी प्राणवायूविना करतात. या आंबवण्याच्या क्रियेतून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार होऊन कोटीपोटाच्या भित्तिकेतून रक्तात जातात आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग पुरवतात. यांपैकी ॲसेटिक आम्लापासून दुधातील स्निग्धांश घडतो, म्हणूनच तंतुमय वैरण कमी पडली की दुधाचे फॅट घसरते. वैरणीबरोबर पुढे सरकणारे सूक्ष्मजीव स्वतःच पुढील कप्प्यांत पचतात, आणि गाईला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा हिस्सा त्यांच्याच शरीरातून येतो. थोडक्यात, गव्हाणीत टाकलेली वैरण प्रथम या सूक्ष्मजीवांच्या तोंडी पडते, आणि त्यांची उपासमार झाली तर पोट गच्च भरूनही गाय उपाशी राहते.

वाढ्यांच्या बाबतीत नेमके हेच घडते. समजा 400 किलो वजनाची संकरित गाय दिवसाला 15 लिटर दूध देते. वैरणीतील पाणी वजा केल्यावर जे उरते त्याला शुष्क पदार्थ म्हणतात, आणि अशा गाईला रोज आपल्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे 12 किलो, शुष्क पदार्थ लागतो. तिला 30 किलो वाढे घातले तर त्यातून जेमतेम आठ किलो शुष्क पदार्थ मिळतो, आणि त्यात प्रथिने पाच टक्के धरली तर ती 400 ग्रॅम भरतात. मात्र 15 लिटर दुधातून रोज सुमारे 500 ग्रॅम प्रथिने गाईच्या शरीराबाहेर जातात. गाईच्या स्वतःच्या पोषणाचा हिशेब तर यात धरलेलाच नाही. कॅल्शियमची स्थिती याहून बिकट आहे, कारण दुधाच्या प्रत्येक लिटरमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम खर्च होते आणि वाढ्यांतील ऑक्झॅलेट नावाचा क्षार वैरणीतील कॅल्शियमला बांधून ठेवून ते शोषले जाऊ देत नाही. सवय झालेल्या जनावरांच्या कोटीपोटातील काही जिवाणू ऑक्झॅलेटचे विघटन करतात, तथापि महिनोन्‌महिने केवळ वाढ्यांवर ठेवलेल्या दुभत्या गाईच्या हाडांतील कॅल्शियम ओढले जातेच. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी आणि खुराकात क्षार मिश्रण द्यावे, हा सल्ला यासाठीच दिला जातो. तो स्वस्त आहे आणि सर्वांनी पाळण्याजोगा आहे.

तथापि कडबाही सर्वगुणसंपन्न नव्हता. त्यातील प्रथिने वाढ्यांहूनही कमी असतात. तो खिलार बैलाला वर्षभर कामात टिकवू शके, परंतु जादा दूध देणाऱ्या संकरित गाईला एकटा पुरे पडू शकत नाही. कडबाकुट्टी यंत्रात तो बारीक केल्याने नासाडी कमी होते, एवढेच. पोषण त्याने वाढत नाही, आणि कुट्टी अतिबारीक झाली तर रवंथ घटतो, रवंथाबरोबर स्रवणारी लाळ घटते आणि आम्लता आवरणारा नैसर्गिक उपाय दुबळा होतो. 100 किलो वाळल्या वैरणीवर चार किलो युरिया 40 ते 50 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि ती तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवायची, ही प्रक्रिया प्रथिनांची उणीव काही अंशी भरून काढते. सहा महिन्यांखालील वासरांना मात्र अशी वैरण घालू नये.

खरा उपाय वैरण हे स्वतंत्र पीक मानण्यात आहे. मका, ज्वारी किंवा बाजरी-नेपियर संकरित गवत ही एकदल पिके ऊर्जा देतात, तर लसूणघास आणि बरसीम ही द्विदल पिके प्रथिने व कॅल्शियम पुरवतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेला फुले जयवंत हा नेपियर वाण एकदा लावला की काही वर्षे कापण्या देत राहतो, मात्र नेपियरमध्येही ऑक्झॅलेट असल्यामुळे त्याला द्विदलाची जोड आवश्यक ठरते. कोवळी लसूणघास उपाशी पोटी भरपूर खाल्ली तर पोटफुगी होते, आणि पाण्याअभावी खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइडयुक्त विष साठून जनावर तासाभरात दगावू शकते, म्हणून ज्वारी फुलोऱ्यावर आल्याखेरीज कापू नये.

पावसाळ्यातला मका उन्हाळ्यापर्यंत टिकवण्याची युक्ती म्हणजे मुरघास. दाणे दुधाळ-चिकाच्या अवस्थेत असताना, ताटात सुमारे 65 ते 70 टक्के ओलावा असताना, कुट्टी करून ती खड्ड्यात किंवा पिशवीत दाबून हवाबंद केली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आम्लता वाढवतात, आणि सामू चारच्या आसपास उतरल्यावर नासवणारे जिवाणू वाढू शकत नाहीत. हिरवी वैरण आम्लाच्या साह्याने टिकवण्याच्या पद्धतीवर काम करणारे फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांना 1945 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. वैरणीच्या प्रश्नाला विज्ञानात इतका मान मिळाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

या सर्व व्यवहारात सर्वाधिक उपेक्षा कालवडीची होते. दूध देणाऱ्या गाईला खुराक मिळतो आणि कालवडीपुढे गाईंनी टाकलेले चघळ येते, कारण तिच्यापासून आज उत्पन्न नसते. वास्तविक वासराचे कोटीपोट जन्मतः लहान असते. जन्मल्यावर काही तासांत त्याला चीक मिळायला हवा, आणि पुढे थोडा खुराक व कोवळे गवत मिळाले तरच हे कोटीपोट वेळेवर वाढते. कालवड माजावर येणे वयापेक्षा वजनावर अवलंबून असते, आणि प्रौढ वजनाच्या सुमारे 60 टक्के वजन झाल्यावर तिला भरवणे योग्य मानतात; वाढ खुंटलेल्या कालवडीला हे वजन गाठायला कितीतरी महिने अधिक लागतात, आणि त्या सर्व महिन्यांचा खर्च गोठ्याच्या मालकालाच सोसावा लागतो.