संगणकीय रेखन आणि वास्तुविद्येचा स्वाध्याय

वास्तुविद्येच्या शिक्षणात रेखन हे केवळ सादरीकरणाचे नव्हे, तर विचाराचेही साधन आहे. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत ‘स्केचपॅड’ सिद्ध केले व १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ बाजारात आले. त्यानंतर रेखनफलक व टी-पट्टी यांची जागा क्रमाक्रमाने संगणकाने घेतली. हाताचा वेग त्यामुळे वाढला. परंतु या स्थित्यंतरात विद्यार्थ्याची कोणती बौद्धिक क्रिया लोपण्याचा संभव आहे, याचा विचार स्वाध्याय योजताना करणे अगत्याचे ठरते.

पहिली क्रिया प्रमाणाच्या निवडीची. फलकावर काम करताना प्रमाण आरंभीच ठरवावे लागे; संगणकावर वस्तू पूर्ण मापाने रेखली जाते व प्रमाण मुद्रणाच्या वेळी ठरते. २३० मिलिमीटर जाडीची भिंत १:५० या प्रमाणात ४.६ मिलिमीटर दिसते, तर १:२०० मध्ये जेमतेम १.१५ मिलिमीटर. त्याच प्रमाणात ६ मिलिमीटर जाडीची काच ०.०३ मिलिमीटर होते; म्हणजेच ती कोणत्याही लेखणीच्या रेषेहून बारीक ठरते. पडद्यावर हवे तेवढे मोठे करून पाहता येत असल्याने काय दाखवावे व काय गाळावे हा विवेक विद्यार्थी पुढे ढकलतो, आणि मुद्रित पत्रकावर काळ्या रेषांची गर्दी तेवढी उरते.

दुसरी क्रिया मोजमापाच्या पडताळणीची. तिच्या अभ्यासास नवी मुंबईतील कोपरखैरणे हे उत्तम क्षेत्र होय. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडील नव्या शहराची कल्पना मांडली व १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. या नियोजनात आखल्या गेलेल्या कोपरखैरण्यात लहान भूखंडांवरील रांगेतील घरे पुष्कळ असून कुटुंबांच्या गरजेनुसार त्यांत वाढ व फेरफार होत आले आहेत. अशा घराचे प्रत्यक्ष मोजमाप हा स्वाध्याय दिल्यास तयार धारिकेची नक्कल करण्यास वाव राहत नाही.

खोलीच्या चार बाजू मोजल्याने तिचा आकार निश्चित होत नाही. त्यासाठी कर्ण मोजावा लागतो. बाजू ३ व ४ मीटर असता कर्ण ५ मीटर भरला, तर त्या बाजूंमधील कोन काटकोन होय. तोच ५.०५ मीटर भरला, तर कोन सुमारे १.२ अंशांनी अधिक असून ३ मीटर लांबीत भिंत सहा सेंटिमीटरांहून अधिक सरकलेली असते. ज्याने कर्ण मोजला नाही, तो संगणकाच्या काटकोनबंधनाच्या आधारे निर्दोष आयत काढतो. आकृती नेटकी दिसते, परंतु ती त्या घराची नसते. संगणक मिलिमीटरांचे अपूर्णांक दाखवीत असला, तरी मोजपट्टीने जे टिपले नाही ते त्यास ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट थरांच्या उपयोगाची. भिंती, दारे, मापे यांना निरनिराळे थर देण्याची रीत रूढ आहे. तथापि कोपरखैरण्यातील घरासाठी मूळ बांधकाम, नंतरची वाढ आणि तात्पुरती छपरे असे कालानुसार थर योजले, तर एकाच धारिकेतून घराचा इतिहास उलगडतो. एक थर झाकला की मूळ घर दिसते. तो उघडला की कोणत्या खोलीचा उजेड व वारा वाढीमुळे अडला, हे तत्काळ ध्यानी येते. फलकावर असे विश्लेषण करावयाचे तर पारदर्शक कागदांचे अनेक थर हाताने रेखावे लागत. येथे संगणक केवळ श्रम वाचवीत नाही, तर नवे प्रश्न विचारण्याची शक्ती देतो.

या सर्वांवरून मूल्यमापनाची दिशा स्पष्ट होते. मुद्रित पत्रकाबरोबर क्षेत्रावरील हस्तलिखित मोजणीपत्रकही मागवावे. एकाच घराचे १:५० व १:२०० असे दोन आराखडे घेऊन दुसऱ्यात काय गाळले याचे कारण विचारावे. आणि कर्णांच्या मापांशी आकृती ताडून पाहावी. जी घरे वर्षानुवर्षे बदलत आहेत, त्यांची आजची अवस्था पुढील अभ्यासकास या आराखड्यांतूनच कळणार आहे. म्हणून विद्यार्थ्याच्या स्वाध्यायासही दस्तऐवजाची जबाबदारी प्राप्त होते.