इलेक्ट्रिक छोटा टेम्पो घ्यावा का? किंमत, प्रकार आणि पुनर्विक्रीचा हिशेब

सोलापूर जिल्ह्यात शेतमाल बाजारात नेण्याचा खर्च हा उत्पादन खर्चातला मोठा भाग आहे. कांदा, डाळिंब, द्राक्ष, भाजीपाला, दूध यापैकी काहीही असो, गाडीभाडे पट्टीतून जातेच. त्यामुळे स्वतःची छोटी मालवाहू गाडी घेण्याचा विचार अनेक शेतकरी करतात. गेल्या दोन-तीन वर्षांत यात इलेक्ट्रिक गाड्यांची भर पडली आहे. "डिझेल नाही, किलोमीटरला दोन रुपये खर्च" हे ऐकून शोरूममध्ये चौकशी वाढली आहे. मात्र ही गाडी प्रत्येकाला परवडत नाही. ती कोणाला परवडते, कोणता प्रकार घ्यावा आणि पाच वर्षांनी विकताना काय होते, हे या लेखात पाहू.

बाजारात काय उपलब्ध आहे?

पुढील किमती गाडी बाजारात आली त्या वेळच्या एक्स-शोरूम किमती आहेत. खरेदीच्या दिवशीचा दर लेखी घ्यावा.

- टाटा एस प्रो ईव्ही: जून २०२५ मध्ये आली. किंमत ६.५० लाख रुपये. बॅटरी १४.४ युनिट (किलोवॅट-तास), भारक्षमता ७५० किलो, कंपनीने सांगितलेला पल्ला १५५ किमी. हीच गाडी पेट्रोलमध्ये ३.९९ लाख आणि सीएनजी-पेट्रोलमध्ये ४.९९ लाखांना आली होती.
- महिंद्रा झिओ: ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. किंमत ७.५२ लाख ते ७.९९ लाख. दोन बॅटऱ्यांचा पर्याय आहे, १८.४ आणि २१.३ युनिट. उघडा हौदा आणि बंद डबा असे दोन प्रकार. भारक्षमता ७६५ किलोपर्यंत, सांगितलेला पल्ला १६० किमीपर्यंत. बॅटरीला ७ वर्षे किंवा १.५ लाख किमी हमी.
- टाटा एस ईव्ही १०००: मे २०२४ मध्ये आली. भारक्षमता १ टन, पल्ला १६१ किमी. किंमत ११ लाखांच्या वर.
- युलर टर्बो ईव्ही १०००: सप्टेंबर २०२५ मध्ये आली. भारक्षमता १ टन. किंमत ५.९९ लाखांपासून पुढे. सर्वांत स्वस्त प्रकारात बॅटरी लहान असते, हे लक्षात घ्यावे.

रस्त्यावरची किंमत कशी बदलते?

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. पेट्रोल-डिझेलच्या छोट्या मालवाहू गाड्यांवर तो २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. म्हणजे ३.९९ लाखांची पेट्रोल गाडी हिशेबाने ३.६८ लाखांपर्यंत खाली येते, इलेक्ट्रिकची किंमत मात्र तेवढीच राहते. दोघांमधला फरक वाढला.

दुसऱ्या बाजूला, महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणानुसार इलेक्ट्रिक वाहनांना मोटार वाहन कर माफ आहे. हे धोरण मार्च २०३० पर्यंत आहे. पेट्रोल-डिझेलच्या हलक्या मालवाहू गाडीला किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर लागतो, म्हणजे वरच्या उदाहरणात सुमारे २५ हजार रुपये. दोन्ही धरल्यास इलेक्ट्रिक आणि पेट्रोलमधला खरा फरक सुमारे २.५ लाख रुपये राहतो.

राज्य धोरणात खरेदी अनुदानाचीही तरतूद आहे. ते बिलातून वजा होणार की नंतर मिळणार, हे विक्रेत्याकडून कोटेशनवर लिहून घ्यावे. "नंतर येईल" या तोंडी आश्वासनावर हप्त्याचे गणित मांडू नये. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना ट्रकसाठी आहे, पण त्यात साडेतीन टनांपेक्षा मोठे ट्रक येतात. छोट्या टेम्पोला तिचा लाभ नाही.

पल्ला आणि भार: आपल्या मालावर मोजा

कंपनीचा पल्ला चाचणीतला असतो. भरलेली गाडी, खराब रस्ता आणि मे महिन्यातले सोलापूरचे ४२-४३ अंश तापमान धरून सांगितलेल्या पल्ल्याचा दोन-तृतीयांश भागच हिशेबात घ्यावा. १५५ किमीची गाडी म्हणजे कामाला सुमारे १०० किमी.

- नान्नज, मोहोळ, अक्कलकोटच्या परिसरातून सोलापूर मार्केट यार्डला जाऊन-येऊन ४० ते ८० किमी होतात. हे आरामात बसते.
- मंगळवेढ्याहून जाऊन-येऊन सुमारे ११० किमी होतात. इथे काठावरचा हिशेब आहे. मोठी बॅटरी हवी किंवा सोलापुरात मध्ये चार्जिंग हवे.
- सांगोला, करमाळा किंवा पुण्याच्या फेऱ्यांसाठी ही गाडी नाही.

आता भार. ७५० किलो म्हणजे २० किलोची डाळिंबाची सुमारे ३७ क्रेट, किंवा ५० किलोच्या कांद्याच्या १५ गोण्या, किंवा ४० लिटरचे दुधाचे १५-१६ कॅन. एकरी ८० क्विंटल कांदा धरला तर एका एकरासाठी अकरा फेऱ्या होतात. कांदा उत्पादकाला दीड टनाची पिकअप किंवा भाड्याचा मोठा टेम्पोच सोयीचा पडतो. भाजीपाला, दूध, फुले, अंडी आणि वर्गवारी केलेली फळे यासाठी मात्र छोटी गाडी योग्य आहे.

एक सवय इथे बदलावी लागेल. डिझेल टेम्पोत क्षमतेच्या दीडपट माल भरणे आपल्याकडे सर्रास चालते. इलेक्ट्रिक गाडीत तसे केल्यास पल्ला लगेच घटतो, मोटर आणि बॅटरी तापते आणि हमीचा दावा अडचणीत येऊ शकतो. गाडीच्या वापराची नोंद यंत्रणेत साठत असते, त्यामुळे "जास्त भरले नव्हते" असे सांगून चालत नाही.

कोणता प्रकार घ्यावा?

- उघडा हौदा: क्रेट, गोण्या, खते, चारा यासाठी. शेतकऱ्याला हाच सर्वाधिक उपयोगी आणि विकायलाही सोपा.
- बंद डबा: शहरात घरपोच माल, अंडी, पॅकिंग केलेल्या मालासाठी. डब्याचे वजन भारक्षमतेतून वजा होते आणि हवा खेळत नसल्याने ताज्या भाजीला उन्हात धोका असतो.
- बॅटरी: रोजचे अंतर ७० किमीच्या आत असेल तर लहान बॅटरी पुरते. त्यापुढे मोठी घ्यावी. नंतर बॅटरी वाढवता येईल असे गृहीत धरू नये.
- जलद चार्जिंग: दिवसातून दोन फेऱ्या करायच्या असतील तरच त्यासाठी जादा पैसे द्यावेत.

चार्जिंग कुठे करणार?

छोटी गाडी १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात पूर्ण चार्ज होते. त्यासाठी स्वतंत्र वायर, एमसीबी आणि चांगले अर्थिंग आवश्यक आहे. मंजूर भार कमी असेल तर महावितरणच्या उपविभागात तो वाढवून घ्यावा.

शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करू नये. ती जोडणी फक्त पंपासाठी आहे. अन्य वापर आढळल्यास वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंडाची आकारणी होते. शिवाय शेतीपंपाच्या दाबातील चढ-उताराने चार्जर खराब होण्याचा धोका असतो. घरगुती मीटरवर युनिट वाढले की वरच्या टप्प्याचा दर लागतो, हेही धरावे.

परवडते की नाही: महिन्याच्या किलोमीटरवर ठरते

गृहीत आकडे असे घेऊ:

- इलेक्ट्रिक: पूर्ण चार्जला, गळती धरून, साधारण १६-१७ युनिट. ११ रुपये दराने सुमारे १८० रुपये. १०० किमीला भागले तर किमीला सुमारे २ रुपये.
- पेट्रोल: १६ किमीचा अॅव्हरेज, १०५ रुपये लिटर. किमीला सुमारे ६.५ रुपये.
- बचत: किमीला ४.५ रुपये.

जास्तीचे २.५ लाख रुपये ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतले तर त्याचा मासिक हप्ता सुमारे ५,४०० रुपये येतो. ही रक्कम इंधनाच्या बचतीतून निघण्यासाठी महिन्याला किमान १,२०० किमी गाडी चालली पाहिजे. इंजिन ऑइल, क्लच यांची बचत आणि विम्याचा जास्त हप्ता एकमेकांत वळते होतात असे इथे धरले आहे.

रोज दूध किंवा भाजी नेणारा २,००० किमी चालवतो. त्याची बचत ९,००० रुपये, म्हणजे हप्ता जाऊन हातात ३,६०० उरतात. हंगामात आठवड्याला दोन फेऱ्या करणारा शेतकरी महिन्याला जेमतेम ५०० किमी चालवतो. त्याची बचत २,२५० रुपये आणि जादा हप्ता ५,४००. तो दरमहा ३,१५० रुपये तोट्यात जातो. अशा शेतकऱ्याने गाडीच घेऊ नये, भाड्याचा टेम्पो स्वस्त पडतो.

पुनर्विक्री: सर्वांत कच्चा दुवा

डिझेलचा छोटा हत्ती २००५ पासून रस्त्यावर आहे. त्याचा जुना भाव गॅरेजवाला बघून सांगतो, दहा वर्षांच्या गाडीलाही गिऱ्हाईक मिळते. इलेक्ट्रिक छोटे ट्रक ग्राहकांच्या हातात २०२३ पासून येऊ लागले. जुन्या गाडीचा ठरलेला बाजार अजून तयार झालेला नाही. भाव पडण्याची तीन कारणे आहेत.

१. नवी गाडी स्वस्त होत आहे. २०२३ मध्ये पहिली टाटा एस ईव्ही दहा लाखांच्या घरात होती. दोनच वर्षांत त्याच कंपनीची लहान इलेक्ट्रिक गाडी साडेसहा लाखांना आली. मग जुनीला सहा लाख कोण देणार?

२. बॅटरीची भीती. गाडीच्या किमतीचा मोठा भाग बॅटरीत असतो. हमी संपत आली की घेणारा भाव पाडतो.

३. कर्ज. जुन्या इलेक्ट्रिक गाडीला वित्तपुरवठा करायला संस्था कचरतात. रोखीचे गिऱ्हाईक कमी असते.

म्हणून खरेदीपूर्वी एक कडक कसोटी लावावी: पाच वर्षांनी इलेक्ट्रिक गाडीचे शून्य रुपये येतील असे समजा. त्याच वेळी पेट्रोल गाडीचे १.८० लाख आले असते असे धरा. हा फरक ६० महिन्यांत वाटला तर महिन्याला ३,००० रुपये होतो. तो हप्त्यात मिळवला की परवडण्याची रेषा सुमारे १,९०० किमीवर जाते, म्हणजे महिन्यातले २६ दिवस रोज ७३ किमी. तुमचा वापर याच्या वर असेल तर निश्चिंत घ्या, जुनीचे जे येईल तो नफा. १,२०० ते १,९०० च्या मध्ये असाल तर पुनर्विक्रीवर जुगार आहे. त्याखाली थांबावे.

विकताना भाव टिकवण्यासाठी

- बॅटरीचा आरोग्य अहवाल अधिकृत केंद्रातून दरवर्षी घेऊन जपून ठेवावा.
- सर्व सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करावे. हमी नव्या मालकाच्या नावे होते का, हे खरेदीच्या दिवशीच विचारावे.
- रोज शून्यापर्यंत उतरवू नये. उन्हात तापलेली गाडी सावलीत तासभर थांबवून मग चार्जिंगला लावावी.
- हमीची किमान दोन वर्षे शिल्लक असतानाच विकावी.
- कर्ज फिटल्यावर फॉर्म ३५ देऊन आरसीवरील बोजा काढावा. विक्रीवेळी फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याची खात्री करावी.

जुनी इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यानेही हाच अहवाल मागावा. भरलेल्या गाडीची पूर्ण चार्जवर किमान ५० किमी चाचणी घ्यावी. अहवाल नसेल तर व्यवहार करू नये.

गटाने घेतल्यास

एकट्याचे किलोमीटर भरत नसतील तर शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनीने मिळून गाडी घेणे हा चांगला मार्ग आहे. सकाळी दूध, दुपारी भाजी, परतीच्या फेरीत खते-बियाणे असे नियोजन केले तर १,९०० किमी सहज भरतात. चार्जिंगची जबाबदारी आणि किमीचा दर आधीच लेखी ठरवावा.

शोरूमला जाण्याआधी एक काम करावे. मागच्या बारा महिन्यांत किती फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरी किती किमीची होती आणि किती माल गेला, हे पट्ट्या काढून वहीत मांडावे. कोणती गाडी घ्यायची, की घ्यायचीच नाही, याचे उत्तर त्या वहीत मिळेल.