मेळघाटातले लाकडी घोडे

परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोहकडे जाणारा रस्ता सातपुड्याच्या कुशीत शिरला, की सागाची राने, बांबूची बेटे आणि ठायी ठायी आडवे येणारे सिपना नदीचे पात्र यांखेरीज प्रवाशाच्या दृष्टीस दुसरे काही पडत नाही. गाविलगडचा बहमनी इतिहास, १८०३ साली भोसल्यांकडून इंग्रजांनी घेतलेला त्याचा ताबा, भीमाने कीचकाला ज्या दरीत लोटले म्हणतात ती चिखलदऱ्याची दरी आणि १९७४ सालापासूनचा व्याघ्रप्रकल्प, ही माहिती प्रत्येक मार्गदर्शिकेत सापडते, म्हणून तिची पुनरुक्ती करीत नाही. वाघाने दर्शन दिले नाही. त्याची उणीवही फारशी भासली नाही.

त्याचे कारण सेमाडोहच्या परिसरातील एका पाड्यावर, पडवीत सागाचा दांडा आडवा टाकून त्यावर पटाशी चालवीत बसलेला एक वृद्ध कोरकू आदिवासी. मृतांच्या स्मरणार्थ कोरकू लोक जो लाकडी मुंडा उभारतात, तोच हा म्हातारा घडवीत होता. वरच्या अंगाला सूर्य-चंद्र कोरून झाले होते. खाली घोडेस्वाराच्या घोड्याचे पोट व पाय लाकडातून सुटले होते, मात्र कान अद्याप बाकी होते. "कान शेवटी. मोडले तं सगळं गेलं," इतकेच तो म्हणाला.

हात थांबवून त्याने जी उत्पत्तिकथा सांगितली, ती अशी. ओसाड सातपुडा पाहून तेथे माणसे वसविण्यासाठी रावणाने महादेवाला विनविले, तेव्हा महादेवाने वारुळाच्या तांबड्या मातीचे स्त्री-पुरुष घडविले. परंतु इंद्राच्या घोड्यांनी येऊन ते तुडविले. अखेर महादेवाने आधी कुत्री घडवून त्यांत प्राण फुंकला, त्यांनी घोड्यांना पिटाळून लावले आणि मुला व मुलाई हे कोरकूंचे आदिदांपत्य साकारले. ज्या रावणाचे आपण दरसाल दहन करतो, तो येथे उपकारकर्ता आहे, आणि होळीच्या सुमारास त्याच्या पुत्राची, मेघनाथाची, पूजाही होते! मग ज्या घोड्याने पूर्वज तुडविले, तोच मुंड्यावर कशासाठी, असे मी विचारले. म्हातारा हसला. "तो इंद्राचा होता साहेब. हा आमचा."

त्याची तक्रार एकच होती, आणि मला ती रास्त वाटली. "लाकूड दाराशीच वाढते, पन हात लावाले परवाना लागते." रानाचे रक्षण झालेच पाहिजे, जंगलखात्याची शिस्त ढिली व्हावी असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. तथापि ज्या चिखलदऱ्याच्या बाजारात सहलकऱ्यांसाठी प्लास्टिकचे वाघ मांडलेले असतात, तेथे मुंडा कोठे घडतो हे विचारल्यास दुकानदार प्रेक्षणीय स्थळांची यादी पुढे करतो, आणि त्या यादीत कारागिराचे गाव नसते. वादळात उन्मळलेल्या सागाचे चार दांडे लिलावात काढण्याआधी अशा पाड्यांसाठी राखून ठेवले, तर सरकारी तिजोरीला त्याची झळ लागेल असे वाटत नाही. आणि अर्ज करायचाच असेल, तर तो लिहून देण्यास पाड्यावरचा शाळेत जाणारा नातू पुरेसा आहे, फक्त तो स्वीकारणारा कारकून जागेवर सापडला पाहिजे.