चर, चिठ्ठी आणि बोली : डेक्कन कॉलेजच्या संशोधनाची अनेक अंगे

वसई-विरार पट्ट्यातील वालीव आज कारखान्यांच्या गाळ्यांसाठी ओळखले जाते; परंतु तेथून काही किलोमीटरांवर असलेल्या सोपाऱ्यात 'बुरुड राजाचा कोट' म्हणून परिचित असलेल्या टेकाडावर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये खोदकाम केले, तेव्हा आतल्या स्तूपातून तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने अशा एकात एक बसवलेल्या करंडकांत जपलेले मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे बाहेर आले. भगवानलाल कोणत्याही महाविद्यालयाचे पदवीधर नव्हते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे साहाय्यक म्हणून शिलालेखांचे ठसे घेत त्यांनी देश पालथा घातला होता, आणि लिपी, नाणी, मूर्ती, धर्मग्रंथ ही सारी शास्त्रे त्यांना एकट्यालाच पेलावी लागत होती. हे ओझे अनेकांत वाटून देणारी आणि तरीही त्या अनेकांना एकमेकांपासून तुटू न देणारी संस्था महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या मध्यावर पुण्यात नव्या रूपात उभी राहिली, ती म्हणजे डेक्कन कॉलेज.

या संस्थेचा उगम १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात पेशवाईतील दक्षिणा-निधीच्या पैशातून सुरू झालेल्या पाठशाळेत आहे. येरवड्याच्या आजच्या दगडी इमारतीत ती १८६८ मध्ये आली. पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे किलहॉर्न आणि दख्खनच्या प्राचीन इतिहासाची मांडणी करणारे रा. गो. भांडारकर येथे शिकवीत. टिळक आणि आगरकर येथलेच विद्यार्थी. तथापि सरकारने काटकसरीचे कारण देऊन १९३४ मध्ये हे महाविद्यालय बंद केले, आणि माजी विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध लढा दिल्यानंतर १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पुन्हा उघडले, ते केवळ पदव्युत्तर अध्ययन आणि संशोधनासाठी. बी.ए.चे वर्ग गेल्यामुळे संस्थेचे स्वरूपच पालटले, कारण येथला विद्यार्थी म्हणजे प्रबंध लिहिणारा आणि म्हणून शिक्षकाच्या कामातला भागीदार, असा अर्थ आपोआप रूढ झाला.

शिक्षकांच्या पहिल्याच तुकडीत प्राचीन इतिहासासाठी ह. धी. सांकलिया आणि समाजशास्त्रासाठी इरावती कर्वे रुजू झाले. मराठ्यांच्या इतिहासाची बाजू त्र्यं. शं. शेजवलकरांकडे होती, त्यांचा पानिपतावरील इंग्रजी ग्रंथ १९४६ मध्ये संस्थेनेच छापला. सांकलियांना गुजरातेतील लांघणज येथे गारगोटीच्या सूक्ष्म हत्यारांबरोबर मानवी सांगाडे सापडले, तेव्हा ते तपासण्यासाठी मोजमापाची साधने घेऊन तेथे गेल्या त्या इरावतीबाई. बर्लिनमध्ये मानवशास्त्र शिकून आलेल्या याच विदुषीने पुढे नात्यांच्या शब्दांचा प्रदेशवार धांडोळा घेऊन भारतातील आप्तसंबंधांवर १९५३ चा ग्रंथ लिहिला, आणि महाभारतातील व्यक्तिरेखांवरील 'युगान्त'ही त्यांच्याच हातून उतरले. आजच्या विद्यापीठीय वाटणीत ही तीन कामे तीन खात्यांत पडली असती, आणि त्यांतले एक बहुधा संशोधन म्हणून धरलेही गेले नसते.

विद्यार्थ्यांचेही तसेच होते. जैन भिक्षुसंघाच्या इतिहासावर प्रबंध लिहिणारे शां. भा. देव पुढे सांकलियांबरोबर नेवाशाच्या उत्खननात उतरले. तेथे ताम्रपाषाणयुगीन (म्हणजे तांबे आणि दगड या दोहोंची हत्यारे वापरणाऱ्या, लोखंडाच्या आधीच्या काळातील) थरात पुरलेल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांबे गंजताना तयार झालेल्या क्षारांमुळे एरवी कुजून जाणारा दोरा टिकून राहिला होता. तो माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेत तपासला गेला आणि त्यात रेशीम व कापूस असल्याचे निदान झाले. मण्यांची नोंद करून दोरा झटकून टाकणारा उत्खनक असता, तर दख्खनमधील रेशमाचा इतका जुना पुरावा मातीतच मिसळला असता.

घोड नदीकाठच्या इनामगावात १९६८ पासून दीड दशक चाललेल्या उत्खननात अनेक शास्त्रे एकत्र आणण्याची ही पद्धत पूर्णत्वाला गेली. अजिंठ्याच्या चित्रांचा सांस्कृतिक अभ्यास करणारे म. के. धवळीकर येथे घरांच्या जमिनी सोलत होते. जळलेले धान्य वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्याकडे, जनावरांची हाडे प्राणिशास्त्र जाणणाऱ्याकडे आणि मानवी सांगाडे शारीर मानवशास्त्रज्ञांकडे जात होते. लहान मुले घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन रांजणांत पुरलेली आढळली, तर प्रौढांची पावले घोट्याखाली तोडलेली होती. सातूचे पीक, पुराचे पाणी वळवणारा पाट, आणि इ.स.पू. १००० च्या सुमारास ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी आलेली गोल झोपडी, या गोष्टी एकत्र वाचल्यामुळेच शेती खालावत गेलेल्या समाजाचे चित्र उभे राहिले. या उत्खननाचा १९८८ मधील अहवाल मराठी वाचकापर्यंत फारसा पोहोचला नाही, ही मात्र खंत वाटावी अशी बाब आहे.

डेक्कन कॉलेजच्याच आवारात अगदी वेगळ्या स्वभावाचे एक काम चालू आहे. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वावरील संस्कृत महाकोशाची योजना आखली; ऐतिहासिक तत्त्व म्हणजे शब्दाचा अर्थ नुसता न देता तो प्रथम कोठे आला आणि काळानुसार कसकसा बदलला हे उताऱ्यांसह दाखवणे. त्यासाठी ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा संदर्भ आणि मूळ ओळ. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला, आणि काम अजून 'अ'मध्येच आहे. या गतीची थट्टा सोपी आहे. परंतु 'अ' हे संस्कृतातील नकाराचेही अक्षर असल्याने त्याचा पसारा अवाढव्य आहे, आणि ती चिठ्ठी लिहिणाऱ्याला व्याकरण, वैद्यक, न्याय, नाट्य यांतले काहीच परके ठेवता येत नाही.

कोशाचे प्रमुख संपादक अ. मा. घाटगे यांनी दुसरीकडे मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण ग्रंथमालेच्या रूपाने मांडले. त्यातील एक खंड ठाणे जिल्ह्याच्या वारलीवर आहे. वसई तालुका तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. घाटग्यांची रीत ध्वनी, व्याकरण, नमुन्याचे उतारे आणि शब्दसंग्रह अशी क्रमाने जाणारी होती. अलीकडे संस्थेने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले, त्यात बोलणाऱ्याला छोट्या चित्रफिती दाखवून काय घडले ते त्याच्या शब्दांत सांगायला लावतात. कारण प्रमाण मराठीतील वाक्याचे भाषांतर मागितले, की माणूस नकळत प्रमाण रूपच परत देतो. वसईच्या वाडवळी आणि सामवेदी बोलींसाठी ही खबरदारी आवश्यकच आहे. वालीवच्या गाळ्यांत मात्र बोलीचा अभ्यासक आणखी एका अडचणीत सापडेल, कारण तेथे एकाच यंत्रावर काम करणारे दोघे वेगवेगळ्या राज्यांतून आलेले असतात आणि आपापसांत जे बोलतात ते दोघांच्याही घरचे नसते. त्याची नोंद कोणत्या गावाच्या नावावर करायची, हे गावनिहाय सर्वेक्षणाला अजून ठरवावे लागेल.