गवतावरचं कोर्ट: रवांडाने जुनी परंपरा कशी वापरली?

आज जाऊया पूर्व आफ्रिकेतल्या रवांडात.

1994 साली तिथे साधारण 100 दिवसांत लाखो माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी. मारणारे कित्येकदा शेजारीच. नंतर तुरुंगात सुमारे 1 लाख 20 हजार आरोपी कोंबलेले, आणि न्यायाधीश, वकील मारले गेलेले किंवा देश सोडून गेलेले. नेहमीच्या कोर्टात हे खटले संपायला शंभरावर वर्षं लागतील, असा हिशोब निघत होता.

मग सरकारने जुनी पद्धत बाहेर काढली: गाचाचा. हा शब्द गवतावरून आलाय. गावातली जाणती माणसं गवतावर बसून जमिनीचे, गुराढोरांचे, घरगुती तंटे मिटवायची. आपल्याकडे पारावर बसायचे तसंच.

पण खुनाचा निवाडा काही तिथे होत नव्हता. म्हणजे नुसतं कॉपी-पेस्ट करून भागणार नव्हतं. म्हणून कायदा केला. लोकांनी सुमारे अडीच लाख पंच निवडले. पूर्वी फक्त पुरुष बसायचे, आता बायकाही आल्या. गुन्हा कबूल करणाऱ्याला शिक्षेत सूट ठेवली. त्यामुळे अनेक घरांना आपल्या माणसाचा मृतदेह कुठे पुरलाय, हे पहिल्यांदा कळलं. 2002 मध्ये प्रयोग सुरू झाला, 2005 पासून देशभर पसरला आणि 2012 मध्ये थांबला. तोवर जवळपास 19 लाख प्रकरणं निकालात निघाली.

दुसरं उदाहरण उमुगांडा. आपल्याकडे शेतात इर्जिक घालायचे ना, तसं एकमेकांच्या कामाला जाणं. आज तिथे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी लोक रस्ते, गटारं, शाळा यांची कामं करतात.

आता दुसरी बाजू. गाचाचात आरोपीला वकील मिळत नव्हता. सध्या सत्तेत असलेल्या पक्षाच्या सैनिकांनी केलेल्या हत्या तिथे आल्याच नाहीत. उमुगांडाही ऐच्छिक नाही, कायद्याने बंधनकारक आहे. शेजाऱ्याने आपणहून केलेली मदत आणि सरकारी हुकूम यात फरक आहेच की!

म्हणून कुणी 'आपली परंपरा आणूया' म्हणालं, की मी तीन गोष्टी विचारतो. ती मुळात कशासाठी होती? आता त्यात काय बदललंय? आणि कुणाला 'नाही' म्हणायची मुभा आहे? रवांडाने पहिल्या दोन प्रश्नांवर बरीच मेहनत घेतली. तिसरा अजून तसाच पडलाय.

तुमच्या गावात अशी कुठली पद्धत होती? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!