बीडच्या बाजारपेठेतील जाळीची छपाई

बीडसारख्या जिल्ह्याच्या गावी, जिथे दोनशे लग्नपत्रिका, दिंडीच्या पन्नासेक पिशव्या किंवा कबड्डीच्या एका संघाची बनियने एवढ्यावरच गिऱ्हाइकाची मागणी संपते आणि इतक्या अल्प कामासाठी ऑफसेटचे अवजड यंत्र चालविणे कोणासच परवडत नाही, तिथे स्क्रीन प्रिंटिंगच्या कसबाने आपला इलाखा अद्याप राखला आहे. पत्रिकेचे कार्ड गणपतीच्या चित्रासह तयारच मिळते. वधूवरांची नावे आणि निमंत्रकांची लांबलचक यादी तेवढी येथे उमटते, आणि त्या यादीतून एखाद्या चुलत्याचे नाव गळले तर कोणते वादळ उठते, हे मराठवाड्यातील वाचकास सांगावयास नको.

या विद्येचे मर्म रंग लावण्यापेक्षा तो अडविण्यात आहे. अंगणातील रांगोळीचा सच्छिद्र छाप ज्याने पाहिला, त्यास तिचे तत्त्व अर्धे कळलेच. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने 1907 साली रेशमी जाळीवरील छपाईचे पेटंट घेतले. पुढे रेशमाची जागा पॉलिएस्टरने घेतली, तरी पद्धत मूलतः तीच राहिली. चौकटीवर बोल्टिंगचे, म्हणजे बारीक जाळीचे, कापड घट्ट ताणावयाचे, कापडाच्या छपाईस इंचाला शंभर-दीडशे धाग्यांचे, तर कागदावरील बारीक अक्षरांस अडीचशे-तीनशे धाग्यांचे. त्यावर अंधाऱ्या खोलीत प्रकाशसंवेदी द्रावणाचा पातळ लेप द्यावयाचा. लेप सुकल्यावर काळ्या अक्षरांची फिल्म त्याला चिकटवून प्रकाश दाखवावयाचा. प्रकाश लागला तेथे लेप कठीण होतो, अक्षरांच्या छायेखालचा मऊ राहून पाण्याने धुऊन जातो आणि तेवढीच जाळी रंगास मोकळी होते. वीज गेली की हेच काम उन्हात उरकतात, आणि बीडच्या उन्हात हात आवरता घेण्यास क्षणाचा विलंब झाला तर बारीक अक्षरे बुजतात. बायक्रोमेटचे जुने द्रावण त्वचेस अपायकारक असूनही उघड्या हातांनी ते हाताळण्याची सवय सुटत नाही, हा या धंद्याचा मला सर्वांत अक्षम्य वाटणारा दोष होय.

मग स्क्विजी, म्हणजे रबराची पट्टी, तिरपी धरून एकाच दाबाने रंग ओढावयाचा. सांगण्यास सोपे, परंतु दाब कमी पडला तर अक्षर तुटते, अधिक झाला तर कडांतून रंग पसरतो, आणि जाळी कागदापासून किंचित उचललेली नसेल तर छाप चिकटून फिसकटतो. त्यात लग्नसराई नेमकी एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा. रंग जाळीतच सुकू लागतो, सबब दोन छापांच्या दरम्यान जाळीवर रंगाचा थर पसरून ठेवण्याची दक्षता घ्यावी लागते. काळ्या बनियनवर पिवळा उठवावयाचा तर प्रथम पांढऱ्या रंगाचा अपारदर्शक थर, तो सुकल्यावर पिवळा, आणि दोहोंच्या खुणा तंतोतंत जुळलेल्या. प्रत्येक रंगास स्वतंत्र जाळी हा दंडक, प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा या शिळाछापातील दंडकाचा वारस आहे. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत काढलेल्या आणि पुढे मळवलीस हलविलेल्या शिळाछापखान्यातून देवदेवतांची जी चित्रे महाराष्ट्राच्या घराघरांत गेली, त्यांची सारी मदार याच जुळणीवर होती.

पेंटरांचे कसब याच्या शेजारचे. दसऱ्यानंतर ऊसतोडीस निघणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाव रंगविणारा पेंटर दोरीने रेषा पाडून खडूने अक्षर मांडतो; नक्षी पुनःपुन्हा काढावयाची असल्यास टोचलेल्या कागदाचा खाका ठेवून त्यावर पुरचुंडीतील भुकटी थापटतो आणि मग इनॅमलचा कुंचला एका श्वासात फिरवितो. फ्लेक्सच्या फलकांनी त्याची रोजी बव्हंशी हिरावून घेतली. जाळीची छपाई मात्र टिकली, कारण गडद कापडावर, पत्र्यावर आणि वक्र प्लॅस्टिकवर तिच्याइतका जाड व टिकाऊ रंग इतक्या स्वल्प खर्चात बसविणारे साधन लहान गावांस अजून गवसलेले नाही. तिच्या छापात एखाद्या कडेस जो सूक्ष्म खडबडीतपणा राहतो, तो मला दोष वाटत नाही.

छापून घेणाऱ्याने मात्र एवढे करावे: चित्र काळ्या शाईत, ठळक रेषांत द्यावे, मजकूर दोनदा वाचून मगच सही करावी, आणि काम झाल्यावर फिल्म मागून घेऊन घरी सपाट ठेवावी, कारण पुढील वर्षी तोच मजकूर छापताना तिचा खर्च वाचतो.