माती परीक्षणासाठी शेकर निवडताना

टेबलावर मावणारा शेकर म्हणजे एक मोटर, तिच्यावर हलणारी फळी, फळीवर फ्लास्क अडकवायच्या पकडी, वेगाचे बटण आणि टायमर. दिसायला हे यंत्र साधे असले, तरी जमीन आरोग्य पत्रिकेवरच्या १२ घटकांपैकी स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, मंगल आणि तांबे हे ७ घटक मोजण्याआधी मातीचा नमुना या फळीवर हलवावा लागतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठापासून बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रापर्यंत अहिल्यानगर जिल्ह्यात जिथे जिथे मातीची तपासणी होते, तिथे शेकर लागतोच. खरेदीच्या यादीत मात्र त्याच्याबद्दल बहुधा एकच ओळ असते: ‘शेकर, १ नग’. तेवढ्यावर यंत्र मागवले, तर पुढची अनेक वर्षे चुकीचे आकडे निघत राहू शकतात.

मातीत स्फुरद किंवा जस्त एकूण किती आहे, हे या तपासणीत पाहत नाहीत. पिकाला मिळू शकेल असा भाग किती, याचा अंदाज एका ठरावीक द्रावणात माती ठरावीक वेळ हलवून घेतात. स्फुरदाच्या ओल्सन पद्धतीत (१९५४) २.५ ग्रॅम मातीत सामू ८.५ असलेले सोडियम बायकार्बोनेटचे ५० मिलिलिटर द्रावण घालून ३० मिनिटे हलवतात. पालाशासाठी ५ ग्रॅम माती, २५ मिलिलिटर अमोनियम ॲसिटेट आणि ५ मिनिटे. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी १० ग्रॅम माती, डीटीपीएचे २० मिलिलिटर द्रावण आणि २ तास. हलवणे कमी पडले तर मातीचे खडे फ्लास्कच्या तळाशी बसून राहतात आणि द्रावण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. जास्त झाले तर कण फुटून नवे पृष्ठभाग उघडे पडतात आणि आकडा फुगतो.

डीटीपीएच्या बाबतीत हा प्रश्न जास्त नाजूक आहे. लिंडसे आणि नॉरवेल यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत चुनखडीयुक्त, विम्ल जमिनींसाठी बेतलेली आहे, म्हणून प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या काठच्या काळ्या जमिनींना ती चपखल लागू पडते. पण २ तासांनंतरही अर्क उतरायचा थांबलेला नसतो. अडीच तास हलवले तर जस्त थोडे अधिक येते, दीड तासात थोडे कमी. जस्ताची कमतरता ठरवण्याची सर्वसाधारण सीमा किलोमागे ०.६ मिलिग्रॅम आहे. ०.५५ आले की शेतकऱ्याला झिंक सल्फेट टाकायचा सल्ला मिळतो, ०.६५ आले की मिळत नाही. एवढ्याशा फरकावर एकराच्या खताचा खर्च अवलंबून असेल, तर हलवण्याची रीत रोज तीच राहणे फार महत्त्वाचे ठरते.

मूळ पद्धतीत ही रीतही लिहून ठेवलेली आहे: आडवा पुढे-मागे हलणारा शेकर, ८ सेंटिमीटरचा पल्ला, मिनिटाला १२० हेलकावे. यातला पल्ला खरेदीच्या वेळी हमखास विसरला जातो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत फेऱ्या असतात, ‘३०० आरपीएमपर्यंत’, आणि फळी किती अंतर सरकते ते तळाला बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. प्रत्यक्षात द्रावणाला बसणारा हिसका पल्ल्याच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गोल फिरणारी फळी २० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात मिनिटाला २०० फेऱ्या घेत असेल, तर नमुन्याला मिळणारा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ०.४५ पट असतो. तोच वेग १० मिलिमीटरच्या वर्तुळात ठेवला तर प्रवेग निम्मा होतो, आणि भरपाईसाठी फेऱ्या २८० च्या वर न्याव्या लागतात. ३ मिलिमीटरच्या वर्तुळाची यंत्रे छोट्या नळ्या आणि खाचांच्या प्लेटा हलवायला उत्तम, पण त्यांच्यावर ठेवलेल्या फ्लास्कमधली काळी माती तळ सोडत नाही. दवाखान्यांच्या प्रयोगशाळांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. गुप्तरोगाच्या व्हीडीआरएल चाचणीत मिनिटाला १८० फेऱ्या आणि ४ मिनिटे एवढेच सांगून भागवलेले नाही, पाऊण इंचाचे वर्तुळही सांगितलेले आहे. माती परीक्षणाच्या मागणीपत्रातही वेगाच्या शेजारी पल्ला लिहिलाच पाहिजे.

टेबलावरच्या लहान यंत्रात ८ सेंटिमीटरचा पल्ला सहसा मिळत नाही. गोल फिरणाऱ्या यंत्रांचे वर्तुळ बहुधा २० ते २५ मिलिमीटरचे असते. फक्त मातीचे काम असेल तर पुढे-मागे हलणारा, शक्य तितक्या लांब पल्ल्याचा शेकर घेणे चांगले, कारण दिशा उलटताना बसणाऱ्या झटक्याने चिकण माती सुटते. बाटल्या आडव्या ठेवता आल्या तर आणखी बरे. त्याच यंत्रावर ॲझोटोबॅक्टर, रायझोबियमसारखी जिवाणू खतांची कल्चर वाढवायची असतील, तर गोल फिरणारे यंत्र सोयीचे, कारण तिथे हवा नीट मिसळणे महत्त्वाचे असते. पण कल्चर दिवसच्या दिवस फिरत राहते आणि मातीच्या नमुन्यांची पाळी येत नाही. दोन्ही कामे नियमित असतील तर दोन यंत्रे घ्यावीत.

यंत्राचा आकार रोजच्या नमुन्यांवरून ठरवावा. १६ फ्लास्कांच्या फळीवर एक जागा ब्लँकला, म्हणजे माती न घातलेल्या द्रावणाला, आणि एक आधी तपासून ठेवलेल्या मातीला जाते, उरतात १४. डीटीपीएच्या २ तासांत भरणे-उतरवणे धरले की दिवसात तीन खेपा होतात, म्हणजे ४२ नमुने. खरिपाच्या आधी, एप्रिल-मे महिन्यांत, नमुन्यांची गर्दी होते, तेव्हाचा आकडा धरून हिशेब करावा. २५० मिलिलिटरचे १६ फ्लास्क, द्रावण आणि पकडी मिळून वजन ३ ते ४ किलोंच्या घरात जाते. काही उत्पादक सांगितलेल्या भारक्षमतेत फळीचे वजनही धरतात, हे आधी विचारून घ्यावे. यंत्र कमाल भाराच्या निम्म्या-पाऊण मर्यादेत चालवले तर बेअरिंग आणि पट्टे टिकतात.

विजेचा विचार वेगळा करावा लागतो. ग्रामीण भागात दाब वर-खाली होतो आणि स्वस्त मोटरचा वेग त्याबरोबर बदलतो. वेग मोजून स्वतःच दुरुस्त करणारी, कार्बन ब्रश नसलेली मोटर थोडी महाग पडते, पण माती परीक्षणात तो खर्च वसूल होतो. वीज गेली तर यंत्राने काय करावे, हेही ठरवून घ्यावे. वीज येताच आपोआप सुरू होणारे यंत्र कल्चरला ठीक. मातीच्या अर्काला मात्र थांबून राहणारे आणि किती वेळ झाला ते दाखवणारे यंत्र हवे. मधेच २० मिनिटे थांबलेली डीटीपीएची खेप पुढे चालवू नये, ती टाकून पुन्हा लावावी.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भंडारदऱ्याकडे, जास्त पावसाच्या आणि आम्लतेकडे झुकणाऱ्या जमिनी आहेत. आम्ल जमिनींसाठी ओल्सनऐवजी ब्रे पद्धत वापरतात आणि तिच्यात हलवण्याची वेळ काही मिनिटांचीच असते. अशा वेळी फ्लास्क झटपट अडकतील आणि सुटतील अशा पकडी लागतात. एकेक स्क्रू आवळत बसले तर पहिला आणि शेवटचा फ्लास्क यांच्यातच मोठा फरक पडतो.

बुचांकडेही लक्ष हवे. रबरात झिंक ऑक्साइड असते, म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या नमुन्यांना रबरी बूच लावले तर जस्ताचा आकडा बुचातूनच वाढतो. झाकणाच्या पॉलिप्रॉपिलिनच्या बाटल्या बऱ्या, आणि त्या बसतील अशी फळी यंत्राबरोबरच मागवावी. सांडलेले क्षारयुक्त द्रावण फळीखालून मोटरपर्यंत पोचणार नाही ना, हे यंत्र उलटे करून पाहावे.

जेमसारख्या सरकारी पोर्टलवर खरेदी करताना सर्वांत कमी बोली स्वीकारावी लागते, म्हणून अटी आधीच नेमक्या लिहाव्या लागतात. पल्ला मिलिमीटरमध्ये, पूर्ण भारासह वेगाची अचूकता, टायमर किमान २ तासांचा, पकडींची संख्या आणि माप, दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येईल, हे सगळे लिहिले तर स्वस्तातले पण निरुपयोगी यंत्र आपोआप बाजूला पडते.

यंत्र आल्यावर पैसे चुकते करण्याआधी सगळ्या फ्लास्कांत पाणी भरून ते २ तास चालवावे. फळीच्या कडेला चिकटपट्टीची खूण करून मोबाइलवर संथ चित्रण घेतले की मिनिटातल्या फेऱ्या मोजता येतात. टायमर घड्याळाशी ताडावा. कडाप्प्याच्या ओट्यावर यंत्र सरकते का ते पाहावे, आणि ज्या ओट्यावर तराजू आहे त्यावर ते ठेवू नये. त्यानंतर एकाच शेतातली १०-१२ किलो माती सुकवून, २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळून, नीट एकत्र करून डब्यात ठेवावी. तिची तपासणी एकदा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी आणि पुढे प्रत्येक खेपेत तिचा एक फ्लास्क लावावा. पल्ल्याच्या फरकामुळे आकडे सातत्याने कमी येत असतील तर वेग थोडा वाढवून ते जुळवता येतात. तो वेग एकदा ठरला की यंत्रावर लिहून ठेवावा आणि बदलू नये. ओल्सनच्या स्फुरदाबाबत खोलीचे तापमानही नोंदवावे. २० ते ३० अंशांच्या दरम्यान दर अंशाला किलोमागे सुमारे ०.४ मिलिग्रॅम स्फुरद जास्त उतरते. त्यामुळे मे महिन्यातले आणि डिसेंबरातले आकडे वेगळे आले तर दोष शेकरला देण्याआधी तापमानाची वही पाहावी.